संगीत-कला महोत्सवात व्हिगन खाणं: रांगेत उभं राहण्याआधीची तयारी

रात्रीचे साडेनऊ. मुख्य मंचावरचा कार्यक्रम सुरू व्हायला वीस मिनिटं उरलीत. दुपारपासून पायांवर उभं असल्यामुळे पोटात कावळे ओरडताहेत आणि समोर पंचवीस-तीस स्टॉल. कुठल्या पाटीवर हिरवं पान काढलंय, कुठे नुसतंच ‘व्हेजी’ लिहिलंय, कुठे काहीच नाही. अशा वेळी व्हिगन माणूस, म्हणजे मांस-मासे-अंडीच काय, दूध-तूप-मधही न खाणारा, बहुतेकदा तळलेले बटाट्याचे काप घेतो आणि त्यावर रात्र काढतो. मीही कित्येक महोत्सव असेच काढले. नंतर कळलं की खायला काही मिळत नाही असं नव्हतं. मी शोधायला लागायचे तेच चुकीच्या वेळी: भूक अनावर झालेली, स्वयंपाकी घाईत आणि माझ्या मागे तीस माणसं खोळंबलेली.

शहराबाहेर मोकळ्या माळावर भरणाऱ्या महोत्सवात आत जे असेल त्यावरच भागवावं लागतं. शहरात भरणाऱ्या महोत्सवाचं तसं नाही. कुंपणापलीकडे अख्खं शहर असतं. दुकानं, भाजीबाजार, बेकऱ्या, रात्री उशिरापर्यंत उघडी राहणारी छोटी खानावळ, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. हा फायदा मात्र आधी तयारी करणाऱ्यालाच मिळतो. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली की शहर असून नसल्यासारखं.

‘शाकाहारी’ या शब्दावर थांबू नका

‘व्हिगन’ हा शब्द इंग्लंडमध्ये 1944 साली डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी रूढ केला आणि त्याच वर्षी ‘द व्हिगन सोसायटी’ स्थापन झाली. वेगळा शब्द हवा होता, कारण शाकाहारी म्हटलं की त्यात दूध, दही, लोणी, तूप, चीज, मध हे सगळं बसतं, आणि बऱ्याच देशांत अंडीसुद्धा. ऐंशी वर्षं उलटली तरी स्टॉलवरचा गोंधळ तोच आहे. पाटीवर शाकाहारी लिहिलेल्या दहा पदार्थांत व्हिगन दोन-तीनच निघू शकतात. हिरवं पान, हिरवा ठिपका किंवा नुसतं ‘व्ही’ अक्षर हे स्टॉलवाल्याने स्वतःच्या समजुतीने काढलेलं असतं. त्याचा अर्थ त्यालाच विचारायचा.

बंद पाकिटावरच्या खुणा जास्त भरवशाच्या असतात. व्हिगन सोसायटीचं सूर्यफुलाचं चिन्ह 1990 पासून वापरात आहे आणि ते फक्त व्हिगन वस्तूंनाच मिळतं. पिवळ्या वर्तुळातलं हिरवं ‘व्ही’ पाहिलंत तर त्याखालचा शब्दही वाचा. हे चिन्ह शाकाहारी आणि व्हिगन अशा दोन प्रकारांत येतं आणि लांबून दोन्ही सारखीच दिसतात.

तिकीट हातात आल्याबरोबर

तीन गोष्टी त्याच दिवशी पाहून ठेवा. पहिली, एकदा आत गेल्यावर बाहेर येऊन पुन्हा आत जाता येतं का. सगळं नियोजन या एका उत्तरावर फिरतं. मनगटावरचा पट्टा दाखवून ये-जा करता येत असेल तर दुपारचं जेवण बाहेर होऊ शकतं. ती सोय नसेल तर आत जाण्यापूर्वीच पोटभर जेवावं लागेल. दुसरी, बाहेरचं खाणं आत नेता येतं का. काही ठिकाणी बंद पाकीट चालतं, काही ठिकाणी फक्त पाण्याची रिकामी बाटली, काही ठिकाणी काहीच नाही. काचेच्या आणि धातूच्या बाटल्या तर बहुतेक दारांवर अडवतातच. एखाद्या आजारासाठी किंवा ॲलर्जीसाठी वेगळं खाणं लागत असेल तर आयोजकांकडून लेखी परवानगी मागून घ्या आणि ती फोनवर जपून ठेवा. दारावरच्या माणसाशी तोंडी वाद घालून काही निष्पन्न होत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे स्टॉलची यादी जाहीर झाली आहे का.

यादी नसेल तर आयोजकांना दोन ओळींचं पत्र टाका. ‘व्हिगन जेवणाची सोय आहे का?’ असं विचारलंत तर ‘हो, भरपूर पर्याय आहेत’ असं गुळमुळीत उत्तर येईल. त्यापेक्षा असं लिहा: ‘दूध, लोणी, अंडी, मध, मांस, मासे यातलं काहीही नसलेलं पूर्ण जेवण कोणत्या स्टॉलवर मिळेल? स्टॉलची नावं कळवाल का?’ नावं मिळाली की त्या स्टॉलच्या स्वतःच्या पानावर पदार्थांची यादी बघता येते. तिथेच थेट विचारताही येतं. महोत्सवाच्या आठवडाभर आधी स्टॉलवाल्याला उत्तर द्यायला जेवढी सवड असते, तेवढी त्या रात्री नसते.

आयोजकांनी मनावर घेतलं की काय होऊ शकतं हे स्वीडनमधल्या गोटेबर्ग शहराने दाखवलं आहे. तिथल्या एका मोठ्या उद्यानात भरणाऱ्या ‘वे आउट वेस्ट’ महोत्सवाने 2012 साली आवारातून मांस-मासे पूर्णपणे बंद केले. सगळीकडे असं होणार नाही, पण तुमच्या दोन ओळींचं पत्र वाया जात नाही हे लक्षात ठेवा.

नकाशावर खुणा

महोत्सवाची जागा मध्यभागी धरा आणि दहा मिनिटं चालण्याच्या परिघात काय आहे ते बघा. ‘हॅपीकाऊ’ हे 1999 पासून चालणारं संकेतस्थळ आणि ॲप या कामी फार उपयोगी पडतं. त्यात पूर्ण व्हिगन ठिकाणांना हिरवी खूण, शाकाहारी ठिकाणांना जांभळी आणि काही व्हिगन पदार्थ देणाऱ्या ठिकाणांना लाल खूण असते. पण त्यातली माहिती वापरणारेच भरतात, त्यामुळे अलीकडचे अभिप्राय वाचा. शेवटचा अभिप्राय दोन वर्षांपूर्वीचा असेल तर फोन करून दुकान चालू असल्याची खात्री करून घ्या.

फोनवर विचारायची खरी गोष्ट म्हणजे स्वयंपाकघर कधी बंद होतं. दुकान अकरापर्यंत उघडं असतं, पण चूल दहालाच विझते. महोत्सवाच्या दिवसांत वेळा बदलतात, जवळचे रस्ते बंद होतात आणि गर्दी झाली की पदार्थ संपतात. म्हणून नुसती व्हिगन उपाहारगृहं शोधून थांबू नका. एक किराणा दुकान, एक फळवाला आणि रात्री सर्वांत उशिरापर्यंत उघडं राहणारं एक ठिकाण, या तीन खुणा नकाशावर हव्यातच. माझ्या अनुभवात या तिघांनी मला नावाजलेल्या व्हिगन हॉटेलांपेक्षा जास्त वेळा जेवू घातलंय. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण हजारो माणसं एका जागी आली की नेटवर्क रांगतं.

कार्यक्रमपत्रिकेत जेवणाची वेळ लिहा

कोणता कलाकार कधी, कोणत्या मंचावर, हे आपण आधी आखतो. जेवण मात्र ‘मधे कधीतरी’ वर सोडतो. मोठा कार्यक्रम संपला की सगळी गर्दी एकदम स्टॉलकडे धावते. त्या वेळी रांग सर्वांत लांब आणि स्वयंपाकी सर्वांत घाईत असतो. तुम्हाला चार प्रश्न विचारायचे असतात, त्यामुळे ही वेळ तुमच्यासाठी सर्वांत वाईट.

दुपारी बारा-साडेबारा आणि संध्याकाळी साडेपाच-सहा या वेळा धरा, किंवा ज्या कार्यक्रमाची तुम्हाला फारशी ओढ नाही त्याची पहिली पंधरा मिनिटं. पहिल्या दिवशी दार उघडल्याबरोबर आत जा आणि काहीही विकत न घेता सगळ्या स्टॉलसमोरून एक चक्कर मारा. प्रत्येक फळ्याचा फोटो घ्या. ज्या दोन-तीन जागा बऱ्या वाटतील तिथे तेव्हाच बोलून घ्या. स्वयंपाकी कांदा चिरत असतो, चूल नुकतीच पेटलेली असते आणि तो निवांत बोलतो. या एका चकरेवर पुढचे दोन-तीन दिवस निभावतात. व्हिगन पदार्थ कमी प्रमाणात बनवतात आणि ते लवकर संपतात, त्यामुळे रात्रीसाठी त्यावर विसंबू नका.

स्टॉलवर नेमकं काय विचारायचं

एका महोत्सवात नूडल्सच्या स्टॉलवर मी विचारलं, ‘हे व्हिगन आहे ना?’ तरुण मुलगा हसून म्हणाला, ‘हो हो, यात फक्त भाज्या आणि टोफू.’ तो खोटं बोलत नव्हता. भाज्या होत्या, टोफूही (सोयाबीनचं पनीर) होता. माझं लक्ष मात्र त्याच्या उजव्या हाताजवळच्या चिकट तपकिरी बाटलीकडे होतं. ती दाखवता का म्हटल्यावर त्याने फडक्याने पुसून माझ्याकडे फिरवली. मागच्या बारीक अक्षरांत पहिलाच शब्द होता ‘अँकोव्ही’, म्हणजे मासळी. त्यालाही ते ठाऊक नव्हतं. त्याने ती बाटली बाजूला ठेवली, धुतलेली कढई घेतली आणि नुसत्या सोया सॉसमध्ये माझ्यासाठी नूडल्स परतून दिल्या. लिंबू पिळून दिलेल्या त्या वाटीची चव आजही आठवते.

तेव्हापासून मी ‘व्हिगन आहे का’ हा प्रश्न पहिला विचारत नाही. मी जिन्नस विचारते. यात लोणी, तूप, दूध, मलई किंवा दही आहे का? अंडं आहे का? सॉसमध्ये मासा किंवा कोळंबी आहे का? भात किंवा डाळ कशात शिजवली, साध्या पाण्यात की कोंबडीच्या रश्शात? वरून काय घालता? शेवटचा प्रश्न विसरू नका. वाटी पूर्ण व्हिगन असते आणि देताना सवयीने वर दह्याची धार किंवा किसलेलं चीज पडतं. पैसे देताना ‘वरचं पांढरं काही नको’ एवढं पुन्हा सांगा.

दुसरी युक्ती ॲलर्जीच्या तक्त्याची. युरोपीय संघात डिसेंबर 2014 पासून सुट्ट्या पदार्थांबाबतही 14 ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणं बंधनकारक आहे, आणि इतरही अनेक देशांत असे नियम आहेत. त्या 14 पैकी दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यांसारखे कवचधारी आणि शिंपले-माकुळांसारखे मृदुकाय प्राणी हे पाच तुमच्या कामाचे. तक्ता मागा, पदार्थाची ओळ शोधा आणि या पाच रकान्यांवर बोट फिरवा. पाचही कोरे असतील तर निम्म्याहून जास्त काम झालं. मांस, चरबी, जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनणारा चिकट पदार्थ) आणि मध मात्र या तक्त्यात येतच नाहीत, ते तोंडानेच विचारावं लागतं.

याच्या उलट बाजूचीही एक गोष्ट सांगायला हवी. पाकिटावर ‘दुधाचे अंश असू शकतात’ असं छापलेलं असलं म्हणजे त्यात दूध घातलंय असं नाही. एकाच कारखान्यात दुधाचे पदार्थही बनतात, म्हणून ॲलर्जी असलेल्यांना दिलेला तो इशारा असतो. व्हिगन माणसाने ते खायचं की नाही हे त्याने ठरवावं. मी खाते. पण ज्याला दुधाची किंवा अंड्याची खरीखुरी ॲलर्जी आहे त्याने ‘व्हिगन’ या शब्दावर कधीही विसंबू नये. तो शब्द म्हणजे कृतीत काय घातलं याची ग्वाही, कशाचाही स्पर्श झालेला नाही याची हमी नव्हे. ॲलर्जी असेल तर ती तशीच स्पष्ट सांगा. आणि ॲलर्जी नसताना ती आहे असं सांगू नका. स्टॉलवाले त्यासाठी सगळं काम थांबवतात, आणि खोटं उघड झालं की पुढच्या खऱ्या रुग्णाचं बोलणं हलक्यात घेतलं जातं.

भाषा येत नसेल तर तिथल्या भाषेत पाच-सहा ओळी जाणकाराकडून लिहून घ्या: मी हे हे खात नाही, हे हे खाते. ‘खाते’ची यादी महत्त्वाची. नुसते नकार वाचून समोरचा गोंधळतो. भात, डाळ, भाज्या, तेल, शेंगदाणे, ब्रेड असं दिसलं की त्याचा चेहरा उजळतो.

कुठल्या स्टॉलवर काय लपलेलं असतं

मध्यपूर्वेच्या पदार्थांचा स्टॉल दिसला की मी आधी तिकडे वळते. हमस म्हणजे काबुली चणे, तीळ, लिंबू आणि तेल. फलाफल म्हणजे तळलेले वडे, तेही चण्याचेच, क्वचित कोणी बांधायला अंडं घालतं. पाहायचं ते सॉसकडे: तिळाचा ताहिनी सॉस चालतो, पांढरा लसणाचा सॉस बहुधा दह्याचा किंवा अंड्याच्या मेयोनीजचा असतो, आणि दोन्ही दिसायला जवळपास सारखे.

इथिओपियन स्टॉल असेल तर ‘उपवासाचं ताट’ आहे का असं विचारा. तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांच्या उपवासात मांस, दूध, लोणी, अंडी वर्ज्य असतात. त्यामुळे आंबवलेल्या इंजेरावर (धिरड्यासारख्या मोठ्या पोळीवर) वाढलेल्या डाळी आणि भाज्या तुम्हाला जशाच्या तशा चालतात. उपवासाचं न सांगता घेतलंत तर मात्र डाळीत मसाल्याचं लोणी असू शकतं. इतका मोठा फरक एका शब्दाने पडतो, असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

मेक्सिकन स्टॉलवर राजम्यासारख्या घोटलेल्या बियांत डुकराची चरबी असू शकते, भात रश्शात शिजवलेला असू शकतो आणि गव्हाच्या रोटीतही चरबी असू शकते. मक्याची रोटी, अख्ख्या शिजवलेल्या बिया, साल्सा आणि ॲव्होकाडो हे सहसा निर्धोक. थाई आणि व्हिएतनामी पदार्थांत मासळीचा सॉस, करीच्या वाटणात सुकी कोळंबी, जपानी मिसो सूपमध्ये माशाचा अर्क आणि कोरियन किमचीत (आंबवलेल्या कोबीत) पुन्हा मासळी किंवा कोळंबी. पिवळ्या नूडल्समध्ये अंडं असू शकतं, तांदळाच्या नूडल्समध्ये सहसा नसतं. भारतीय पदार्थांच्या स्टॉलवर तुपाची फोडणी, मलई आणि नानमधलं दही विचारा. पिझ्झाचा पाया बहुधा पीठ, पाणी, यीस्ट, मीठ एवढाच असतो, चीज काढून भाज्या वाढवून मागता येतात, पण पेस्टो या हिरव्या चटणीत चीज असतं.

भाज्यांचा बर्गर हा सर्वांत फसवा. टिक्कीत अंडं किंवा चीज असू शकतं, आणि चकचकीत, मऊ, किंचित गोड ब्रियोश पाव म्हणजे लोणी आणि अंडी आलीच. टिक्की व्हिगन आहे म्हणून पावाबद्दल विचारायचं राहून जातं.

आणि ते बटाट्याचे काप. बटाटा आणि तेल यात वावगं काही नाही, पण त्याच तेलात मासे किंवा कोंबडी तळतात का ते विचारा. काही ठिकाणी, विशेषतः बेल्जियन पद्धतीत, तळायला गाईची चरबी वापरतात. तळणी वेगळी नसेल तर घ्यायचं की नाही हा तुमचा निर्णय. तव्याच्या बाबतीतही तेच, पण ‘माझ्यासाठी तवा पुसून घ्याल का?’ असं गोड बोलून विचारलं तर बहुतेक जण ऐकतात.

गोडाचं थोडक्यात: फळांच्या रसाचं गोठवलेलं सॉर्बे सहसा दुधाशिवाय, त्याच्याच जातीच्या शर्बेटमध्ये दूध असू शकतं. काळ्या चॉकलेटचंही पाकीट वाचा. जेलीच्या गोळ्यांत जिलेटिन, लाल रंगात ई 120 म्हणजे किड्यांपासून केलेला कार्माइन, चकाकीत ई 904 म्हणजे किड्यांपासूनच मिळणारी लाख. बिअर आणि वाइन गाळायला माशांच्या पोटातलं इसिंग्लास, अंड्याचा पांढरा बलक किंवा केसीन (दुधातलं प्रथिन) वापरलेलं असू शकतं. ‘बार्निव्होर’ या संकेतस्थळावर ब्रँडचं नाव टाकून ते तपासता येतं.

पिशवीत काय असावं

दहा तास उभं राहायचं, चालायचं, नाचायचं तर नुसत्या तळणावर शरीर निभावत नाही. तळलेल्या बटाट्याच्या 100 ग्रॅममध्ये प्रथिनं असतात सुमारे 3 ग्रॅम, तेवढ्याच शेंगदाण्यांत जवळपास 25. म्हणून बाहेरचं खाणं चालत असेल तर मूठभर शेंगदाणे, बदाम, भाजलेले चणे, खजूर आणि शेंगदाणा लोणी लावलेला ब्रेड घ्या. केळं पिशवीच्या सगळ्यात वर ठेवा, नाहीतर संध्याकाळी त्याचा लगदा होतो. सगळं बंद पाकिटात असेल तर दारावर अडवण्याची शक्यता कमी.

शिजवलेला भात, हमस, टोफू असलं ओलं खाणं उन्हात पिशवीत ठेवू नका. 4 ते 60 अंश सेल्सिअस या टप्प्यात जंतू झपाट्याने वाढतात. असं अन्न साधारण दोन तासांपलीकडे बाहेर ठेवू नये, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. ओलं खाणं न्यायचंच असेल तर ते दाराबाहेरच संपवून आत जा.

सोबतची मंडळी व्हिगन नसतील तर जेवणाची वेळ आणि भेटायची जागा आधीच ठरवा. प्रत्येकाने आपापल्या स्टॉलवरून आणायचं आणि एकत्र बसून खायचं. सगळ्यांसाठी एकच स्टॉल शोधत फिरलात तर शेवटी कुणाचंच धड जेवण होत नाही.

आणि रात्र. कार्यक्रम संपतो तेव्हा आतले स्टॉल आवरत असतात, बाहेरची बरीच स्वयंपाकघरं बंद झालेली असतात आणि पाय जड झालेले असतात. मुक्कामाच्या खोलीवर त्या वेळेसाठी काहीतरी सकाळीच आणून ठेवा: ब्रेड, टोमॅटो, डब्यातले शिजलेले चणे, एखादं फळ. डबा उघडायला ओपनर लागतो की झाकण ओढून निघतं, तेही दुकानातच बघून घ्या.

घरी परतलात की त्याच आठवड्यात आयोजकांना पुन्हा तीन ओळी लिहा: कुठल्या स्टॉलवर काय खाल्लं, कुठे नीट माहिती मिळाली, कुठल्या वेळी काहीच उरलं नव्हतं. स्टॉलचं नाव आणि पदार्थाचं नाव नक्की घाला. ज्या मुलाने बाटली फिरवून दाखवली, त्याच्या स्टॉलचं नाव मी तसंच कळवलं होतं.